एसयूव्ही घेतली तरी खाली लागतंय कसं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नव्या गाडीवाल्यांसाठी ग्राउंड क्लिअरन्सची माहिती

मार्गशीर्षात आम्ही सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर देवीच्या नैवेद्याच्या पडल्या भरायला निघालो होतो. मेव्हण्याची नवीन गाडी, घेऊन तीन आठवडे झालेले. आत पाच मोठी माणसं, एक पोरगं, मागं डिकीत शेगडी, सिलिंडर, भांडी, तांदूळ, वांगी आणि पाण्याचे दोन कॅन. वाटेत एका गावातल्या ब्रेकरवरून पुढची चाकं उतरली आणि खालून पत्रा फरशीवर ओढल्यासारखा खर्रकन आवाज आला. मेव्हण्याचा चेहराच उतरला. म्हणाला, "भावजी, एकशे नव्वदच्या वर क्लिअरन्स हाय म्हणून सांगितलेत ओ त्यांनी, मग लागलं कसं?"

हाच प्रश्न पहिली एसयूव्ही घेतलेल्या बऱ्याच जणांना पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. गाडी घ्यायच्या आधी वाचलात तर जास्त उपयोग होईल, पण घेऊन झाली असली तरी चालवायच्या भागात कामाचं बरंच आहे.

आधी आकडा म्हणजे काय ते बघू. गाडी सपाट जागेवर उभी असताना चाकं सोडून खालचा जो भाग सगळ्यात खाली लोंबतो, तिथपासून जमिनीपर्यंतचं अंतर म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स. हा भाग बहुतेक गाड्यांत इंजिनाखालचं चेंबर (म्हणजे ऑइलचं भांडं) नाहीतर त्याचं गार्ड, सायलेन्सरचं वळण, नाहीतर मधला क्रॉस मेंबर, म्हणजे सांगाड्याची आडवी पट्टी असते. लॅडर फ्रेमच्या, म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेल्या, मागं सलग एक्सल असलेल्या गाड्यांत मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलचं गोल भांडं सगळ्यात खाली असतं. आता कंपन्यांनी दिलेले आकडे बघा. स्विफ्ट १६३ मिलिमीटर, पंच १८७, क्रेटा १९०, ब्रेझा १९८, नेक्सॉन २०८ आणि तीन दारांची थार २२६. स्विफ्ट आणि क्रेटा यांच्यात फरक किती? २७ मिलिमीटर, म्हणजे एक इंचाहून जरासा जास्त. लोक लाखालाखांनी जास्त पैसे घालतात त्यात हा एक इंचच मिळालेला असतो. अर्थात हा इंच कामाचा आहेच, पण तो कसा खर्च होतो ते कळलं पाहिजे.

मेव्हण्याच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. ब्रोशरमधला आकडा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. सरकारसुद्धा तसाच धरतं, जुलै २०२३ मधे जीएसटी कौन्सिलनं मोठ्या युटिलिटी गाड्यांची व्याख्या स्पष्ट केली तेव्हा १७० मिलिमीटर किंवा जास्त क्लिअरन्स ही अट रिकाम्या गाडीचीच धरली. पण आपली गाडी रिकामी चालते कधी? एकटं ऑफिसला जाताना. यात्रेला, लग्नाला, गोव्याला, गावाकडं तांदळाची पोती आणायला निघालो की भरूनच निघतो, आणि नेमके खराब रस्ते तेव्हाच लागतात.

म्हणून पहिलं काम, गाडी बघायच्या आधी आपला रस्ता बघा. रोजच्या आणि महिन्या-दोन महिन्यांनी लागणाऱ्या वाटेवरच्या सगळ्यात वाईट तीन जागा आठवून वहीत लिहा. घराच्या गेटचा उतार त्यात नक्की धरा, कारण शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्यांत घराची पायरी, गटार आणि रस्ता यांची उंची एकमेकांशी जुळत नाही, त्यात रस्ता काँक्रिटचा झाला की तो आणखी वर येतो आणि कडेला सरळ पायरीच पडते. मग गावाकडची वाट, शेताची वाट. आणि जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याला जाणं होत असेल तर तोही रस्ता धरा, पावसाळ्यात तिथले खड्डे काय असतात ते जाऊन आलेल्याला सांगायला नको. या तीन जागांचा आपण टेपनं मोजून अंदाज घेऊ शकतो. ब्रेकर किती उंच, काँक्रिटची कड किती खोल, चाकोरीच्या मधला उंचवटा किती. दहा मिनिटांचं काम आहे, पण हे न करता लोक दहा-पंधरा लाखाची गाडी बुक करतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

ब्रेकरचं गणित थोडं समजून घेण्यासारखं आहे. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गोल ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय, ताशी २५ किलोमीटरनं आरामात जाता येईल असा. एवढा रुंद ब्रेकर असला की पुढची-मागची दोन्ही चाकं एकदम त्याच्यावरच असतात, म्हणजे गाडीबरोबर पोटही वर उचललं जातं. अडीच मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांत तेवढं अंतर असलेल्या) गाडीचे त्यावर पोटाखालचे फक्त साडेचार-पाच सेंटिमीटर जातात. अशा ब्रेकरवर अल्टोसुद्धा घासायला नको. पण गावात कुणीतरी एका रात्रीत सिमेंट ओतून केलेला, दोन फूट रुंद आणि सहा इंच उंच असा जो ब्रेकर असतो ना, त्याच्यावर पुढची चाकं पलीकडं उतरलेली, मागची अजून चढायची, आणि ब्रेकर बरोबर पोटाखाली. तिथं ब्रेकरची पूर्ण उंची क्लिअरन्समधून वजा होते. सहा इंच म्हणजे १५ सेंटिमीटर. आता भरलेल्या गाडीत तुमच्याकडं १६ च उरले असतील तर शिल्लक काय राहिलं? एक सेंटिमीटर, आणि तेही गाडी जराही हेलकावली नाही तर.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. दोन गाड्यांचा क्लिअरन्स सारखा असला तरी जिच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जास्त, तिचं पोट लवकर टेकतं. म्हणून सात सीटर लांब गाडी घेणाऱ्यानं आकडा आणखी थोडा जास्तच बघावा.

महाराष्ट्रातून नव्यानं इकडं बदली होऊन आलेल्यांसाठी एक सांगतो. बोर्ड कन्नडमधे असतात. "मुंदे रस्ते उब्बु इदे" म्हणजे पुढं ब्रेकर आहे, आणि "निधानवागि चलिसि" म्हणजे हळू चालवा. इकडं बोलताना लोक ब्रेकरला हंपच म्हणतात. ही दोन वाक्यं नुसत्या आकारावरून ओळखायला शिकलात तरी चेंबर वाचेल, कारण बऱ्याच ठिकाणी पांढरे पट्टे पुसलेले असतात आणि झाडाच्या सावलीत ब्रेकर दिसतच नाही.

दुसरं काम, गाडी भरून मोजा. आम्ही सौंदत्तीहून आल्यावर हेच केलं. अंगणातल्या सपाट फरशीवर गाडी लावली, हँडब्रेक ओढला, गिअरमधे टाकली, मोबाईलचा टॉर्च लावून बाजूला आडवं पडून बघितलं कुठला भाग सगळ्यात खाली आहे ते. मग दोन विटा एकावर एक ठेवल्या, टेपनं मोजल्या तर साडेपंधरा सेंटिमीटर भरल्या, आणि त्या फळीवर ठेवून हळूच आत सरकवल्या. रिकाम्या गाडीखाली विटांच्या वर माझी तीन बोटं आडवी घालायला जागा नव्हती पण दोन आरामात जात होती, टेपनं शिल्लक साडेतीन-चार सेंटिमीटर. मग घरातली पाच माणसं आत बसवली, डिकीत पाण्याचे कॅन आणि तांदळाचं पोतं ठेवलं. आता त्याच फटीत एक बोट जेमतेम जात होतं. सासूबाई आत बसून विचारत होत्या, "झालं काय रे मोजून?" आणि मेव्हणा बाहेर पालथा पडून त्या एका बोटाकडं बघत होता. एवढं एकदा डोळ्यांनी बघितलं की माणूस गाडी वेगळी चालवायला लागतो.

हे करताना एक लक्षात ठेवा, गाडी जॅकवर उचलून खाली कधीही शिरायचं नाही. जॅक सटकला तर जीव जातो. बाजूनं बघूनच मोजायचं.

सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडरचं वजन कायमचं मागं असतं, त्यामुळं त्यात आणखी सामान भरताना मागची बाजू जास्त बसते. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी मजल्याखालीच असते, तिला मोठा दणका बसला तर गाडी चालतेय म्हणून सोडून देऊ नका, सर्व्हिस सेंटरला दाखवून घ्या.

तिसरं म्हणजे कोन. आपल्याकडं याच्याबद्दल कुणी विचारतच नाही. पुढच्या चाकाच्या पुढं बंपर किती लांब आणि किती खाली आलाय त्यावर चढावर नाक टेकणार की नाही ते ठरतं, त्याला अप्रोच अँगल म्हणतात. तसंच मागं डिपार्चर अँगल, आणि मधल्या पोटाचा ब्रेकओव्हर अँगल. थारचे हे तीन आकडे अनुक्रमे ४१.८, ३६.८ आणि २७ अंश असे दिलेले आहेत, पाच दारांच्या जिमनीचे ३६, ५० आणि २४. शहरातल्या बऱ्याच एसयूव्हींच्या ब्रोशरमधे हे आकडे छापतच नाहीत. मग करायचं काय, तर टेस्ट ड्राइव्हला गाडी घेऊन हायवेवर पळवून परत आणू नका, घरी आणा. चार माणसं बसवा आणि आपल्या गेटच्या उतारावरून आत-बाहेर करून बघा, मघाच्या तीन जागांपैकी जी जवळ असेल तिथं न्या. सेल्समन जरा कुरकुरेल पण ऐकतो. नाक टेकतंय का, मागचा बंपर घासतोय का, हे घरच्या उतारावर पाच मिनिटांत कळतं.

आता चालवायचं कसं, कारण निम्म्या वेळा खाली लागतं ते चुकीच्या चालवण्यानं. ब्रेकरवर सगळ्यात मोठी चूक म्हणजे ब्रेक दाबूनच ब्रेकर चढणं. ब्रेक दाबला की वजन पुढं येतं, पुढचे शॉकअप दबतात, नाक खाली जातं, म्हणजे क्लिअरन्स पाहिजे तिथंच आपण तो कमी करतो. ब्रेक ब्रेकरच्या आधी मारा, वेग चालण्याइतका आणा, चाक चढायच्या जरा आधी ब्रेकवरून पाय काढा, गाडी आपोआप वर चढू दे, उतरू दे, मागची चाकं उतरेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका. मेव्हण्यानं त्या दिवशी चढताना ब्रेक दाबलेला होता आणि गाडी भरलेली होती, दोन्ही मिळून आवाज आला. परत येताना तोच ब्रेकर त्यानं ब्रेक सोडून घेतला, माणसं तेवढीच होती, लागलं नाही. फारच टोकदार ब्रेकर असेल तर थोडं तिरकं घ्या, एकेक चाक चढतं आणि पोटाला जागा मिळते, पण आधी आरसा बघा, कारण आपण वाकडं वळतोय म्हटल्यावर मागचा दुचाकीवाला बाजूनं घुसतोच.

ऊस हंगामात चिकोडी, रायबाग, अथणीकडं आणि निपाणीच्या आतल्या गावांत वेगळीच अडचण असते. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर ओल्या वाटेवरून गेले की खोल चाकोऱ्या पडतात आणि त्या वाळून दगडासारख्या होतात. आपली चाकं चाकोरीत उतरली की मधला उंचवटा थेट चेंबरला भिडतो आणि मग गाडी पोटावर बसते, चाकं नुसती फिरतात. अशा वाटेवर चाकं चाकोरीत घालायचीच नाहीत. एका बाजूचं चाक मधल्या उंचवट्यावर, दुसऱ्या बाजूचं कडेच्या उंच भागावर असं घ्यायचं. जागा नसेल तर उतरून बघा, वीत लावून मोजा, आणि पोटात मावत नसेल तर परत फिरा. ट्रॅक्टर गेला म्हणजे आपली गाडी जाईल असं नसतं, ट्रॅक्टरचं पोट कुठं आणि आपलं कुठं.

दगडाचंही असंच. खानापूरच्या जंगलाकडच्या रस्त्यांवर, हेम्माडगा, आमगाव, गवाळी, कोंगळा या बाजूला, उघडे पडलेले दगड असतात. नवीन माणूस दगड दोन चाकांच्या मधे घेतो, त्याला वाटतं तो खालून निघून जाईल. लहान, गोल, घट्ट रुतलेला दगड असेल तर टायर सावकाश त्याच्यावरून न्या, गाडी वर उचलली जाते आणि चेंबर वाचतं. टोकदार असेल तर पूर्ण टाळा. हलणारा दगड हातानं बाजूला करून पुढं जा, त्यात कमीपणा काही नाही, मागून येणाऱ्यालाही सोय होते.

पाण्याबद्दल मला जरा कळकळीनं सांगायचंय. ग्राउंड क्लिअरन्स जास्त म्हणजे पाण्यातून जाता येतं असं समजू नका. पाण्याचा हिशेब वेगळा असतो, इंजिनाला हवा घेणारी नळी किती वर आहे, पाणी वाहतंय की साचलंय, खाली रस्ता शिल्लक आहे का. थारला कंपनीनं ६५० मिलिमीटर पाण्याची मर्यादा दिलीय, पण ते साचलेल्या पाण्याचं झालं. जुलै-ऑगस्टमधे कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा भरल्या की चिकोडी-निपाणी भागातले बुटके पूल पाण्याखाली जातात, दरवर्षीचं आहे. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी तरंगायला लागते आणि दोन फूट झालं की मोठ्या एसयूव्हीलाही ओढून नेतं. गाडी उंच असली, जड असली, तरी पाणी तिला बाजूनं ढकलतंच. पोलिसांनी बॅरिकेड लावलं असेल तर वळसा घालायचा, वीस किलोमीटर जास्त पडले तर पडू देत. साचलेल्या पाण्यातही चाकाच्या मधल्या हबच्या वर पाणी असेल तर जाऊ नका. चुकून इंजिनात पाणी जाऊन गाडी बंद पडली तर परत स्टार्ट मारायचा नाही, पाणी दाबलं जात नाही आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो, मग इंजिनचंच काम निघतं. साध्या विम्यात हा खर्च बहुतेक वेळा मिळत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्टची जोड घ्यावी लागते. आपल्या पावसाच्या पट्ट्यात ती घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

खाली लागलंच तर? गाणी मोठी करून पुढं जाऊ नका. सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा, पाच मिनिटं थांबून खाली वाका. जमिनीवर काळं तेल टपकतंय का, इंजिन थंड ठेवणारा हिरवा-गुलाबी कूलंट गळतोय का, प्लॅस्टिकचं कव्हर लोंबतंय का बघा. एसीचं स्वच्छ पाणी टपकत असतं, त्याला घाबरू नका. माझ्या चुलत्यांची लहान गाडी काही वर्षांपूर्वी जांबोटीच्या पुढं दगडावर आपटली होती, आवाज आला, सगळे म्हणाले काही नाही चला, आणि थोडं पुढं गेल्यावर ऑइलचा लाल दिवा लागला. चुलत्यांनी जागीच इंजिन बंद केलं, फोनला रेंज नव्हती, पावसात दीड तास थांबलो, शेवटी एका टेम्पोवाल्यानं दोर लावून ओढून आणलं. चेंबरला नखाएवढी चीर होती. चेंबर बदलून काम झालं, इंजिन शाबूत राहिलं, कारण लाल दिव्यावर एक मीटरही पुढं गाडी घातली नाही. तो दिवा लागल्यावर "गॅरेजपर्यंत जाऊया" म्हणणाऱ्यांचं इंजिन जाम होतं.

क्लिअरन्स वाढवून घेण्याबद्दल बरेच जण विचारतात. टायर मोठा टाकला तर थोडा वाढतो. २१५/६० आर १६ च्या जागी २१५/६५ आर १६ टाकला तर टायरचा व्यास साधारण २१ मिलिमीटरनं वाढतो, पण गाडी त्याच्या निम्मीच वर येते, जेमतेम एक सेंटिमीटर. आणि स्पीडोमीटर त्याच वेगाला आधीपेक्षा तीन टक्क्यांनी कमी दाखवायला लागतो. स्प्रिंगमधे रबरी बफर घालतात, त्यानं भरलेली गाडी कमी बसते पण रिकाम्या गाडीत दणके बसतात आणि वॉरंटीचा वाद होतो. लिफ्ट किट घालून गाडीची उंचीच बदलायची तर मोटार वाहन कायद्याचं, गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दलचं कलम ५२ आडवं येतं. माझं मत विचाराल तर नव्या गाडीत यातलं काहीही करू नका, त्यापेक्षा चेंबरखाली चांगलं लोखंडी गार्ड बसवा. बसवताना मात्र गार्डच गाडीचा सगळ्यात खालचा भाग होणार नाही आणि ऑइल बदलायच्या बोल्टजवळ भोक असेल एवढं बघून घ्या.

मग घ्यावी किती उंच गाडी? फक्त टिळकवाडी ते कॅम्प आणि हायवेनं कोल्हापूर-हुबळी एवढंच असेल तर १६५-१८० ची गाडीही नीट चालवली तर पुरते. गावाकडं, शेतावर, चोर्ल्याच्या बाजूला जाणं असेल आणि गाडी भरून जात असेल तर १९० च्या वर बघा, २०० असेल तर उत्तम. त्याच्यावर गरज असेल तर नुसता क्लिअरन्स बघू नका, कोन आणि फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद) बघा. उंचीची किंमतही असते. उंच गाडी घाटाच्या वळणावर जास्त झुकते, चोर्ल्यात किंवा आंबोलीत धुकं आणि ओला रस्ता असताना कारच्या वेगानं वळण घेतलं की आतल्यांना ते जाणवतं. आणि घरात गुडघे दुखणारं माणूस असेल तर बुक करायच्या आधी त्यांनाच शोरूमला न्या, चढून-उतरून बघू देत. आमच्या सासूबाईंसाठी मेव्हण्यानं शेवटी बाजूची पायरी बसवून घेतली, आणि तीच पायरी आता चाकोरीच्या वाटेवर सगळ्यात आधी घासते.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी गाडी धुऊन दाखवली तरी खालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. गॅरेजमधे रॅम्पवर चढवून घ्या, चेंबरचं गार्ड काढायला लावा. चेंबरवर चेपलेली जागा, नवीन काळा रंग फक्त एकाच ठिकाणी, बोल्टभोवती लावलेला पांढरा-करडा सीलंट, सायलेन्सरला वेल्डिंग, हे दिसलं तर गाडी कुठं फिरली असेल ते विचारा. क्रॉस मेंबर वाकलेला दिसला तर ती गाडी सोडून द्या, दुसरी बघा.